वरचा रुपया

पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं,
‘कृपया आहेर आणू नये.’
मी चष्मा लावून दोनदा वाचलं
आणि ठरवलं, एकदा तरी
छापलेल्यावर विश्वास ठेवायचा.

विजया म्हणाली, तसं सगळेच छापतात.
मी म्हटलं, मग सगळेच आणतात का?
ती पदराला पिन लावत होती, दुसरी पिन तोंडात,
म्हणून उत्तर आलं नाही,
नुसत्या भुवया आल्या.

कन्नमवार नगर, पहिला मजला, एसी हॉल.
मोंडकरांच्या धाकट्याचं लग्न.
स्टेजवर जाणारी रांग
खुर्च्यांना वळसा घालून आइस्क्रीमच्या टेबलापर्यंत आलेली,
आणि रांगेतला प्रत्येक जण
एक हात वरच्या खिशावर ठेवून उभा,
छातीत दुखत असल्यासारखा.

मला कुणी काही विचारलं नाही.
हे नीट लिहून ठेवतो, कारण नंतर कुणी म्हणेल
दबाव होता.
कसला? कुणाचा?
पुढचे गृहस्थ गोदरेजमधून रिटायर झालेले,
ते मेट्रोच्या खोदकामाबद्दल बोलत होते.
मागे एक लहान मुलगी, तिच्याही हातात पाकीट.
त्यावर चिकटवलेला रुपया ती नखाने उचकटायची
आणि आई तिचा हात बाजूला करायची,
तिच्याकडे न बघता,
माशी हाकलावी तसा.

तेव्हा माझे हात मला जड झाले.
मागे बांधले, तर पाहणीला आलेला साहेब वाटेन.
पुढे बांधले, तर मयताला आल्यासारखं.
खिशात घातले, तर
सगळ्यांना वाटेल, काढतोय.
रिकामे हात ठेवायची जागा
अठ्ठावन्न वर्षांत मला कुणी दाखवलीच नव्हती.

सहा माणसं उरली.
साधी भिंत हात लावला की लागते.
ही हात लावायला गेलो तर नव्हती,
चालायला लागलो की होती.

चार माणसं.
मी रांग सोडली.

जिन्याखाली पानवाला. त्याच्याकडे विड्या, चुना, गोळ्या
आणि गणपती छापलेली आहेराची पाकिटं,
रुपया आधीच चिकटवलेला.
‘दहा रुपये,’ तो म्हणाला, ‘आजचं हे एकविसावं.’
म्हणजे माझ्याआधी वीस जण
याच जिन्याने खाली आले होते,
आपापल्या मनाने.

पाचशेची नोट घातली. ती माझी होती.
वरचा रुपया माझा नव्हता,
तो माझ्या आधीपासून तिथे होता.

स्टेजवर मोंडकर म्हणाले, ‘अहो, हे कशाला?
पत्रिकेत स्पष्ट लिहिलं होतं ना!’
आणि म्हणता म्हणता त्यांच्या हाताने पाकीट घेतलं,
मागे उभ्या भाच्याकडे दिलं.
भाच्याच्या पिशवीचं तोंड उघडंच होतं.
कॅमेरावाला म्हणाला, इकडे बघा.
आम्ही सगळ्यांनी बघितलं.

रात्री माळ्यावरून वडिलांची वही काढली.
एकोणीसशे चौऱ्याण्णव, माझं लग्न,
त्यांचं तिरकं अक्षर.
मोंडकर, एक्कावन्न.
कुलाबकर, एकशे एक आणि स्टीलचा डबा.
वाघधरे, पुढे नुसती रेघ.

वाघधरे मला आठवतो.
पोटभर जेवला होता, मला मिठी मारली होती,
विजयाला म्हणाला होता, सांभाळ गं याला.
नंतर आमच्या घरात त्याचं नाव कमी कमी येत गेलं.
बारशाला त्याला कळवायचं राहिलं.
असं कुणी ठरवलं नव्हतं.
वडील तर त्याला चांगला माणूस म्हणायचे.

मी वही मिटली.
विजयाने विचारलं, आपल्या गार्गीच्या पत्रिकेत
खाली काय छापायचं?

तेच, मी म्हटलं.
बारीक अक्षरात.